कापूसला ऐकू येत नाही. आता काय करावे?

पत्र : आम्ही अमळनेर तालुक्यात राहतो. घरची कपाशीची शेती आहे आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शेतावर राखणीसाठी म्हणून यजमानांनी महिनाभरापूर्वी एका ओळखीच्या माणसाकडून राजापालयम जातीचे पिल्लू विकत आणले. तेव्हा ते पाच आठवड्यांचे होते, आता दोन महिन्यांचे झाले आहे. अंग पूर्ण पांढरे, नाक गुलाबी आणि डोळे फिकट आहेत. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने त्याचे नाव कापूस ठेवले. गेल्या पंधरवड्यात लक्षात आले, की झोपेत असताना शेजारी पातेले पडले तरी तो उठत नाही आणि नावाने हाक मारली तर वळत नाही. मात्र आमच्यापैकी कोणी चालत जवळ गेले की लगेच मान वर करतो. खेळताना तो फार जोरात चावतो. माझ्या बहिणीकडे धुळ्यात पांढराशुभ्र स्पिट्झ आहे, त्याचे कान अगदी तिखट आहेत. मग पांढऱ्या रंगामुळे कुत्रे बहिरे होते हे खरे का? गावातल्या एकाने कानात लसणाचे कोमट तेल घालायला सांगितले आहे. उन्हात गेल्यापासून नाकाची साल निघते आहे. सासरे म्हणतात, ‘बहिरं कुत्रं राखणले काय कामनं?’ त्यांचे म्हणणे, ते महामार्गाकडे सोडून यावे. विकणारा माणूस पिल्लू बदलून द्यायला तयार आहे आणि कापूसच्या आईला पुढच्या माजावर पुन्हा त्याच नराला दाखवणार आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, सर्वांत आधी तेलाविषयी लिहितो, कारण ते थांबवणे आजच तुमच्या हातात आहे. कापूसच्या कानात तेल, लसणाचा रस, कापूर, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा घरात उरलेले कोणतेही थेंब घालू नका. आतील पडद्याला भोक असेल तर हे द्रव थेट मधल्या कानात उतरतात, आणि जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब अशा वेळी चांगल्या कानाचेही ऐकणे घालवू शकतात. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे जन्मजात बहिरेपणाची वाटतात. त्या बहिरेपणात दोष कानाच्या नळीत नसतो, म्हणून नळीत काहीही घातले तरी तो तिथपर्यंत पोहोचत नाही.

आता रंगाचा प्रश्न. तुमच्या बहिणीच्या स्पिट्झचे कान तिखट आहेत आणि कापूसला ऐकू येत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण दोघांचा पांढरेपणा वेगवेगळ्या मार्गांनी आलेला आहे. शरीरात रंग तयार करणाऱ्या काही खास पेशी असतात. पिल्लू आईच्या पोटात असताना या रंगपेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघतात आणि प्रवास करत त्वचेत, डोळ्यांत आणि आतल्या कानातही जाऊन बसतात. स्पिट्झ, समॉयेड, माल्टीज यांसारख्या जातींत या पेशी सर्वत्र व्यवस्थित पोहोचलेल्या असतात. केसांत गडद रंग उतरवण्याची सूचना तेवढी दिलेली नसते, म्हणून केस पांढरे किंवा मलईच्या रंगाचे दिसतात. अशा कुत्र्याचे नाक काळे असते, डोळ्यांच्या कडा काळ्या असतात आणि ओठही काळे असतात. बहिणीच्या स्पिट्झकडे नीट पाहा, हे सर्व तुम्हाला तिथे दिसेल. अशा पांढरेपणाचा बहिरेपणाशी संबंध नाही.

दुसऱ्या प्रकारात रंगपेशीच कमी पडतात. प्रवासात त्या मागे राहतात किंवा टिकत नाहीत, आणि जिथे त्या पोहोचत नाहीत तिथली त्वचा गुलाबी व केस पांढरे राहतात. डाल्मेशियन, पांढरा बुल टेरियर, पांढरा बॉक्सर, डोगो अर्जेंटिनो आणि आपल्याकडचा राजापालयम हे या गटातले आहेत. डाल्मेशियनचे काळे ठिपके पाहून फसू नये. त्याचे मूळ अंग पांढरेच असते आणि ठिपके जन्मानंतर त्यावर उमटतात. ज्या पिल्लाच्या आतल्या कानातही रंगपेशी पोहोचल्या नाहीत, ते पिल्लू बहिरे होते.

रंगपेशींचा ऐकण्याशी संबंध कसा, असे तुम्हाला नक्की वाटेल, आणि हा भाग समजून घेतला तर उपचाराविषयीच्या पुष्कळ शंका आपोआप मिटतात. आतल्या कानात शंखासारखा वळलेला एक अवयव असतो. त्याच्या भिंतीवर रक्तवाहिन्यांनी भरलेला एक पट्टा असतो आणि तो आतील द्रवात पोटॅशियमचे प्रमाण भरपूर राखून एक विद्युत दाब टिकवून ठेवतो. या दाबावर ऐकण्याच्या नाजूक पेशी चालतात, आणि हा पट्टा नीट चालण्यासाठी त्यात रंगपेशी असाव्या लागतात. विहिरीवरची मोटार धडधाकट असली तरी वीज गेल्यावर पाणी चढत नाही, तशी कानाची अवस्था होते. फरक एवढाच, की इथे वीज गेलेल्या त्या नाजूक पेशी थोड्याच दिवसांत मरतात आणि कुत्र्याच्या शरीरात त्या पुन्हा तयार होत नाहीत. पिल्लाच्या कानाची छिद्रे जन्मतः बंद असतात व साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, आणि ही झीज तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण होते. म्हणजे कापूस तुमच्या घरी आला तेव्हा, पाचव्या आठवड्यात, जे व्हायचे ते होऊन गेलेले होते. तुमच्या घरातील कोणत्याही निष्काळजीपणाने, आवाजाने किंवा आहाराने हे झालेले नाही. कोणतेही औषध, इंजेक्शन किंवा शक्तिवर्धक टॉनिक ते परत आणणार नाही, आणि जो कोणी तसे सांगून पैसे मागेल त्याला नम्रपणे नकार द्यावा.

पांढरी त्वचा असली म्हणजे बहिरेपण आलेच, असेही नाही. अमेरिकेत मोठ्या संख्येने तपासलेल्या डाल्मेशियन कुत्र्यांत सुमारे ३० टक्के कुत्र्यांच्या ऐकण्यात दोष आढळला. तपासलेल्या एकूण कुत्र्यांपैकी सुमारे २२ टक्के एका कानाने आणि सुमारे ८ टक्के दोन्ही कानांनी बहिरे होते. म्हणजे त्या जातीतही बहुसंख्य कुत्रे दोन्ही कानांनी व्यवस्थित ऐकतात. पांढऱ्या बुल टेरियरमध्ये साधारण पाचात एकाला दोष आढळतो, तर त्याच जातीच्या रंगीत कुत्र्यांत तो शंभरात एखाद्यालाच. निळे डोळे असलेल्या पिल्लांत धोका वाढतो, आणि डाल्मेशियनच्या पिल्लाला जन्मतःच कानावर किंवा डोक्यावर मोठा काळा डाग असेल तर तो कमी होतो, कारण तो डाग म्हणजे रंगपेशी त्या भागापर्यंत पोहोचल्याची खूणच असते. कापूसच्या फिकट डोळ्यांवरून मात्र आताच निष्कर्ष काढू नका. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक पिल्लांचे डोळे निळसर दिसतात आणि खरा रंग पुढे स्थिरावतो. राजापालयम ही तमिळनाडूतील विरुधुनगर जिल्ह्यातल्या त्याच नावाच्या गावाची जात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार भारतीय कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत तिचाही समावेश होता, इतका तिचा मान आहे. परंतु दुधासारखे अंग आणि गुलाबी नाक हेच तिचे सौंदर्य मानले गेल्यामुळे पिढ्यान् पिढ्या तशाच पिल्लांची निवड होत आली, आणि बहिरी पिल्ले हा त्या निवडीचा परिणाम आहे. मला या गोष्टीचे मनापासून वाईट वाटते, कारण ही किंमत निवड करणाऱ्याला नाही, पिल्लाला मोजावी लागते.

कापूस खरोखरच बहिरा आहे का, हे मात्र आधी ठरवले पाहिजे. पहिली पायरी म्हणून त्याला जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात अथवा कुत्र्यांवर नियमित उपचार करणाऱ्या खासगी पशुवैद्यांकडे न्या आणि दिव्याच्या उपकरणाने दोन्ही कान आतून पाहायला सांगा. मळ, गोचीड, कानातल्या किडीमुळे साचलेला काळा चुरा किंवा मधल्या कानातील पू यांमुळेही ऐकणे मंदावते, आणि ते बहिरेपण उपचारांनी बरे होऊ शकते. कापूस सारखा कान खाजवत असेल, डोके झटकत असेल किंवा कानाला वास येत असेल, तर ही शक्यता वाढते. तुमच्या पत्रात असे काही नाही, तरी पाहून घ्यावे.

घरी करायची चाचणी तुम्ही नकळत सुरू केलीच आहे, पण ती नीट करा. तुम्ही चालत गेल्यावर तो मान वर करतो, याचा अर्थ तो ऐकतो असा नाही. फरशीचा किंवा मातीचा कंप त्याच्या अंगाला जाणवतो, शिवाय तुमचा वासही येतो. टाळी वाजवली तर हवेचा झोत लागतो, दार आपटले तर जमीन हादरते, ट्रॅक्टर सुरू झाला तर सारे अंगणच थरथरते. म्हणून तो एकटा आणि गाढ झोपेत असताना, त्याच्या मागच्या बाजूने, काही फुटांवर उभे राहून, हवा किंवा जमीन न हलवता आवाज करा: किल्ल्यांचा जुडगा, शिटी, दाबल्यावर वाजणारे रबरी खेळणे. झोपेत असलेल्या पिल्लाचे कान आवाजाने हलतात किंवा श्वास बदलतो, एवढेही पुरेसे आहे. जागेपणी करताना तुमची सावली त्याच्यापुढे पडणार नाही हे पाहा, आणि एकच आवाज पुन्हा पुन्हा करू नका, कारण ऐकणारे पिल्लूही कंटाळून दुर्लक्ष करू लागते. वेगवेगळ्या वेळी करून पाहिल्यावरही काहीच प्रतिसाद नसेल, तर दोन्ही कानांनी बहिरे असण्याचीच शक्यता मोठी आहे. त्याचे जोरात चावणेही याच्याशी जुळते. पिल्ले एकमेकांशी खेळताना चावा जास्त झाला की दुसरे पिल्लू केकाटते आणि त्यावरून पहिल्याला मर्यादा कळते. ज्याला ते केकाटणे ऐकूच येत नाही, त्याला ही शिकवण मिळत नाही. विक्रेत्याला हे लक्षात आले नाही, यातही मोठे नवल नाही. भावंडे दुधासाठी धावली की बहिरे पिल्लूही त्यांना पाहून धावते.

घरच्या चाचणीतून जे कधीच कळत नाही ते एका कानाचे बहिरेपण. असे कुत्रे हाकेला उठते, भुंकते, सर्व काही करते. फक्त आवाज कोणत्या दिशेने आला हे त्याला ओळखता येत नाही. त्यासाठी, आणि दोन्ही कानांची खात्री करण्यासाठीही, एकच भरवशाची चाचणी आहे. तान्ह्या बाळांची जी ‘बेरा’ चाचणी केली जाते तीच तत्त्वतः कुत्र्यांसाठी वापरतात. डोक्याच्या त्वचेखाली केसासारख्या बारीक सुया लावून, एका वेळी एका कानात टकटक असा आवाज सोडतात आणि त्याला मेंदूकडून मिळणारा विद्युत प्रतिसाद संगणकावर लाटांच्या रूपात नोंदवतात. बहिऱ्या कानाची रेघ सपाट येते. पाच आठवड्यांनंतर ती केव्हाही करता येते, सुमारे दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि पिल्लू चुळबुळे असेल तर हलके गुंगीचे औषध दिल्याने निकाल बदलत नाही. ही सोय तालुक्याच्या दवाखान्यात नसते. तुमच्या पशुवैद्यांच्या मार्फत मुंबईतील परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा पुण्या-मुंबईतील प्राण्यांच्या मोठ्या खासगी रुग्णालयांकडे आधी दूरध्वनीवर चौकशी करा आणि होकार मिळाल्यावरच गाडीचे तिकीट काढा. तेवढा प्रवास व खर्च झेपणारा नसेल तर, घरच्या चाचणीत स्पष्टपणे काहीच ऐकू न येणाऱ्या पिल्लाच्या बाबतीत, त्यावाचून अडणार नाही; तुमच्या वागण्यात त्या कागदाने फारसा फरक पडणार नाही. ज्यांना कुत्र्यांची पैदास करायची आहे त्यांनी मात्र ही चाचणी टाळता कामा नये.

तुमच्या सासऱ्यांचे म्हणणे मी दोन भागांत पाहतो. बहिऱ्या कुत्र्याने एकट्याने शेत राखू नये, हे त्यांचे बोलणे बरोबर आहे, आणि ते तुम्ही मान्य करावे. नाक व डोळे शाबूत असले तरी झोपेत त्याला चाहूल लागणार नाही; मागे येणारा ट्रॅक्टर, उघड्या विहिरीच्या काठावर तुम्ही मारलेली हाक, सापाचा फुत्कार, रानडुकरांची खुसफुस, यांतले काहीच त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. शेतावर मोकळा सोडलेला कापूस फार दिवस जगेल असे मला वाटत नाही. परंतु त्याला महामार्गाकडे सोडून येणे म्हणजे ज्याला हॉर्न ऐकू येत नाही अशा जिवाला धुळे-पारोळा-जळगाव रस्त्यावरच्या मालमोटारींपुढे ठेवणे आहे. प्राण्याला उपासमारीच्या किंवा तहानेच्या वेदनेत ढकलेल अशा रीतीने टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. सासऱ्यांना कायदा दाखवण्यापेक्षा मार्ग दाखवावा. शेताच्या राखणीला ऐकणारे एखादे गावठी पिल्लू आणावे, ते आपल्या उन्हाला, मातीला आणि गोचिडांना सरावलेले असते, आणि कापूस घरच्या आवारात राहावा. दुसरे ऐकणारे कुत्रे घरात असणे बहिऱ्या कुत्र्यालाही फार उपयोगी पडते. ते कान टवकारून दाराकडे गेले की हाही मागे जातो.

पिल्लू बदलून घेण्याविषयी तुम्ही विचारले आहे. निर्णय तुमचा आहे, आणि घरात लहान मूल, नोकरी व शेती असताना तुम्ही ‘आम्हाला झेपणार नाही’ म्हणालात तर मी तुम्हाला दोष देणार नाही. मात्र परत केलेल्या कापूसचे तो माणूस काय करणार, हे स्पष्ट विचारा. तो दुसऱ्या कोणाला न सांगता विकणार असेल किंवा मोठा झाल्यावर पैदाशीला वापरणार असेल, तर परत देऊ नका. त्यापेक्षा कुंपण असलेले घर आणि वेळ असलेली माणसे शोधून, सारे खरे सांगून, त्याला तिथे द्या. आणि तो राहणारच असेल, तर पुढचे वाचा, कारण बहिरा कुत्रा उत्तम शिकतो, हे मी पूर्ण विश्वासाने सांगतो. कुत्रे मुळात एकमेकांशी अंगाच्या हालचालींतूनच बोलतात. माणसाचे शब्द ही त्यांच्यासाठी नंतर शिकलेली भाषा आहे.

सुरुवात ‘शाबास’च्या खुणेपासून करा. अंगठा वर किंवा तशीच जी खूण घरातील सर्वांना सोपी वाटेल ती एकच ठरवा, ती दाखवा आणि लगेच भाकरीचा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा कण द्या. काही दिवसांत त्या खुणेनेच त्याची शेपटी हलू लागेल. मग त्याहून महत्त्वाची सवय लावा : तो आपणहून तुमच्या चेहऱ्याकडे पाहील तेव्हा प्रत्येक वेळी शाबासकी आणि खाऊ. बहिऱ्या कुत्र्याला बोलावता येत नाही, म्हणून अधूनमधून मालकाकडे वळून पाहणे हीच त्याची हाक ऐकण्याची जागा घेते, आणि या एका सवयीवर मी इतर सर्व शिक्षणापेक्षा अधिक भर देईन. त्यानंतर हात छातीकडे आणला की ये, तळहात खाली केला की बस, पंजा समोर धरला की थांब, अशा खुणा शिकवा. खुणा मोठ्या आणि नेहमी सारख्याच असाव्यात. यजमान एक हात करतात, तुम्ही दुसरा, मुलगी तिसराच, असे झाले तर तो गोंधळेल. तुमच्या शाळेतील मुलांना शिकवताना तुम्ही जो धीर ठेवता तोच इथे लागेल. अंधार पडल्यावर त्याचे लक्ष वेधण्यासाठी विजेरी एकदा जमिनीवर लावून बंद करावी; डोळ्यांवर झोत मारू नये आणि लेझरचा लाल ठिपका तर मुळीच वापरू नये, कारण त्यामागे धावण्याचे वेड लागते. नुसता थरथरणारा पट्टा काही लोक वापरतात आणि तो नीट शिकवला तर उपयोगी पडतो. विजेचा झटका देणारा पट्टा विकत घेऊ नका.

मुलीसाठी दोन नियम कडक ठेवा. झोपलेल्या कापूसला तिने अचानक हात लावायचा नाही किंवा मिठी मारायची नाही. दचकून उठलेला कोणताही कुत्रा चावू शकतो, आणि याला तर कोणी जवळ येत असल्याचे कळतच नाही. त्याला उठवायचे असेल तर मोठ्या माणसाने आधी हात त्याच्या नाकाजवळ धरावा, वास जाऊ द्यावा, मग खांद्याला हलकेच स्पर्श करून लगेच काही खायला द्यावे. रोज असे केले तर स्पर्शाने उठणे त्याला आवडू लागते आणि दचकणे कमी होते. दुसरा नियम चाव्याचा : खेळताना दात लागला की ओरडून उपयोग नाही, तिथल्या तिथे खेळ थांबवून पाठ फिरवायची आणि थोडा वेळ त्याच्याकडे पाहायचे नाही. त्याच्या दृष्टीने चेहरा वळणे हीच नाराजी असते.

आवाराला फाटक आणि कुंपण पक्के हवे, आणि बाहेर नेताना दोर कधीही सोडू नये, मोकळे रान असले तरीही. त्याच्या गळ्यात एक घुंगरू बांधा. ते त्याला ऐकू येणार नाही, पण तो कुठे आहे हे तुम्हाला कळेल. पट्ट्यावर ‘बहिरा आहे’ असे लिहून तुमचा दूरध्वनी क्रमांक टाका. कपाशीवर फवारणी चालू असताना आणि नंतरही त्याला वावरात नेऊ नका, औषधांचे डबे व फवारणी पंप तो चाटू शकेल अशा जागी ठेवू नका. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाला तो घाबरणार नाही, ही त्याच्या वाट्याला आलेली एक सोय आहे. त्याच कारणाने तो पेटत्या फटाक्याजवळ बेधडक जाईल, म्हणून त्या दिवसांत त्याला आत ठेवा.

नाकाची साल निघते आहे, ते उन्हाने भाजणे आहे, आणि पांढऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत आपल्या भागात मला याची काळजी बहिरेपणाइतकीच वाटते. पांढरे केस ऊन परतवतात, परंतु जिथे केस विरळ आणि त्वचा गुलाबी असते, म्हणजे नाकाचा वरचा भाग, कानांची टोके, पापण्या, पोट आणि मांड्यांची आतली बाजू, तिथे संरक्षण काहीच नसते. उन्हाने वारंवार भाजलेल्या अशा त्वचेवर पुढे काही वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत सकाळी नऊ-साडेनऊनंतर आणि संध्याकाळी उन्हे उतरेपर्यंत कापूस सावलीतच असावा, पाण्याचे भांडे दोन ठिकाणी असावे, आणि उताणे पडून ऊन घेण्याची सवय दिसली तर ती मोडावी. माणसांचे ऊन-रोधक मलम लावू नका. कुत्रा ते चाटतो आणि त्यातील झिंक ऑक्साइड व सॅलिसिलेट पोटात जाऊन विषबाधा करतात. पशुवैद्यांकडून कुत्र्यांसाठीचे मलम घ्यावे. सध्या नाकावर हळद, टूथपेस्ट वगैरे काही न लावता ते दाखवून घ्या. न भरणारी जखम, खपली धरून पुन्हा रक्त येणारी जागा किंवा कानाच्या टोकावरचा खरखरीत पापुद्रा पुढे कधीही दिसला, तर थांबू नका. काही पिल्लांच्या गुलाबी नाकावर वाढत्या वयात हळूहळू काळे ठिपके भरत जातात. तसे झाले तर तेवढ्या भागाला आपोआप संरक्षण मिळेल.

उरलेल्या आजारांत पांढऱ्या रंगाचा फारसा हात नाही. कापूसला पार्व्हो व डिस्टेंपरची लस दिली आहे का, हे पाहा. दिली नसेल तर या आठवड्यातच सुरू करा, आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची लस चुकवू नका. गोचीड पांढऱ्या अंगावर लवकर दिसतात, म्हणून रोज संध्याकाळी कान व बोटांच्या बेचक्या पाहणे सोपे जाईल. त्यांच्यासाठी गोठ्यात गुरांना देतात ते आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने टोचू नका. लहान पिल्लांना आणि कोलीसारख्या काही मेंढपाळ जातींना त्याने जिवावर बेतते. तुमच्या ओळखीत कोणी राखाडी-निळसर संगमरवरी ठिपक्यांची, म्हणजे ‘मर्ल’ रंगाची, पिल्ले घेणार असेल तर त्यांना हेही सांगा, की अशा दोन कुत्र्यांच्या मिलनातून जवळजवळ पांढरी पिल्ले जन्मतात आणि त्यांत बहिरेपणाबरोबर डोळे अर्धवट वाढलेले असण्याचा दोषही येतो. कापूसच्या बाबतीत ती शंका घेण्याचे कारण नाही.

शेवटचा मुद्दा विक्रेत्याचा. आईबाप दोघेही उत्तम ऐकत असले तरी पिल्लू बहिरे निघू शकते, कारण हा दोष एका जनुकाने ठरत नाही आणि त्याची रक्ततपासणीही उपलब्ध नाही; म्हणून त्या माणसाने तुम्हाला जाणूनबुजून फसवले असे मी म्हणणार नाही. पण आता त्याला कळले आहे. तीच मादी त्याच नराला पुन्हा दाखवली तर पुढच्या वेतातही अशी पिल्ले येण्याचा धोका आहे, हे त्याला समजावून सांगा, आणि कापूसची भावंडे ज्यांच्या घरी गेली त्यांना कळवायलाही सांगा, कारण त्यांतील एखादे एका कानाने बहिरे असू शकते आणि कोणाला पत्ताही नसेल. कुत्र्यांच्या पैदास व विक्रीविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. कापूस पाच आठवड्यांचा असताना तुम्हाला दिला गेला, हेही त्याच्या कानावर घाला. नर-मादी दोघांची ‘बेरा’ चाचणी होईपर्यंत त्याने ही जोडी लावू नये, आणि कापूसचीही योग्य वयात नसबंदी करून घ्यावी. ती साधारण केव्हा करावी हे लसीच्या वेळी तुमच्या पशुवैद्यांना विचारा. मोठ्या चणीच्या जातीत हाडांची वाढ पूर्ण होऊ देणे बरे असते.

नाक दाखवायला जाल तेव्हा कानही त्याच फेरीत पाहून घ्या आणि काय निघाले ते मला अवश्य कळवा.